व्यंकटराव आणि एचडीचा फरक

आमच्या कुरुंद्यातल्या व्यंकटरावांना निवांत बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. चहा उभ्यानं, जेवण घाईनं, आणि बस थांबायच्या आत खाली. टीव्हीसमोर तर ते बातम्यांच्या ठळक ओळींपुरतेही टिकत नाहीत. म्हणून यंदा श्रावणाच्या तोंडावर ते घरोघर फिरून एकच गोष्ट विचारायला लागले, तेव्हा गल्लीनं कान टवकारले.

"का हो, ते एचडी-बिचडी म्हनतेत, त्यानं घरच्या टीव्हीवर काई फरक पडतो का?"

"पडतो की."

"कायचा पडतो? समदं दुकानदारायचं नाटक हाय!" आणि लगेच पुढच्या घरी. हवं ते उत्तर मिळेपर्यंत हिंडायचं, अशी चाल.

कारण मला ठाऊक होतं. मला नाही तर कोणाला असणार! लग्नाचं शूटिंग करणाऱ्या विजयकुमारला मी एक कप चहा पाजला, आणि त्यानं पोटातलं सगळं ओतलं.

व्यंकटराव आणि त्यांचा धाकटा भाऊ जळबा यांची घरं भिंतीला भिंत लागून. नऊ वर्षांपूर्वी हळद शिजवायच्या कढईवरून दोघांचं बिनसलं. कढई दोघांची, पाळी व्यंकटरावांची, आणि जळबानं ती न विचारता सासुरवाडीला धाडली. तेव्हापासून बोलणं बंद. बायकांचं मात्र सगळं चालू. व्यंकटरावांच्या जनकाबाई दिवसातून चारदा जावेकडे जाऊन येतात. मे महिन्यात जळबाच्या पोरीचं, प्रतिक्षाचं लग्न निघालं, तेव्हा व्यंकटरावांनी चारचौघांत सांगून टाकलं, "त्याच्या मांडवाकडं फिरकलो तर नावाचा व्यंकट न्हाई." लग्नादिवशी ते नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेले. निदान सांगितलं तरी तसं. मला प्रसादाचे पेढेही आणून दिले. पुडक्यावर दुकानाचं नाव वसमतचं होतं, पण मी कशाला बोलू?

खरं तर मंगलाष्टकं चालू असताना हा गडी मांडवाच्या कडेला, मोठ्या कूलरच्या आड उभा होता, डोक्यावरून उपरणं घेऊन. नेमका कॅमेरा तिकडं वळला. विजयकुमारनं पुढं त्यांना गाठून मोबाईलवर दाखवलंसुद्धा. वर म्हणतो कसा, "काका, इथं नुसता ठिपका दिसून राहिला. जळबाकाकाच्या मोठ्या टीव्हीवर बघा, एचडी हाय!"

जळबानं नवा त्रेचाळीस इंची टीव्ही आणलाच होता. पंचमीला पोरगी माहेरी येणार आणि सगळी गल्ली बसून तिचं लग्न बघणार. व्यंकटरावांचा नऊ वर्षांचा ताठा आता त्या ठिपक्यावर येऊन अडकला होता. ठिपका ठिपकाच राहिला तर अब्रू शाबूत. त्याचा माणूस झाला तर गाव हसणार.

एक दिवस मला ओढतच त्यांनी वसमतला टीव्हीच्या दुकानात नेलं. दुकानदार शिवशंकर भला माणूस. त्यानं दोन मोठे टीव्ही शेजारी शेजारी लावले, दोन्हीवर तोच पोपट. एकावर साधा, एकावर एचडी.

"किती फुटावरून बघता त्याच्यावर हाय, काका. टीव्ही लहान अन् तुमी लांब, तर दोन्ही सारखेच. टीव्ही मोठा अन् तुमी जवळ, तर मग पीस न् पीस मोजून घ्या."

व्यंकटराव उलट्या पावली मागं सरकायला लागले. फ्रीजच्या रांगेतून, दारातून, पायरीवरून थेट रस्त्यावर. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"आबा, इथून बराबर सारखंच दिसून राहिलं!" ते तिथून मला ओरडून म्हणाले.

"काका," शिवशंकर म्हणाला, "तिथून तर तो टीव्ही हाय का फ्रीज, तेच कळनार न्हाई."

पण व्यंकटरावांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. टीव्ही जवळून बघितल्यानं लेकरांच्या डोळ्यांना तकलीफ होते, असा प्रचार दुसऱ्या दिवशीपासून गल्लीत सुरू झाला. जावेला तसं सांगून ये म्हणून जनकाबाईंच्या मागं लागले.

"नऊ वर्सं त्या घराकडं तोंड न्हाई केलं," जनकाबाई म्हणाल्या, "अन् आता त्यायच्या डोळ्याचा काहून पुळका?"

पंचमीच्या दुपारी जळबाच्या बैठकीत बायका-पोरं टीव्हीला नाक लावून बसली. व्यंकटराव आधी स्वतःच्या ओट्यावर होते. मग रस्त्यावर आले. मग जळबाच्या दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर.

"बघायला न्हाई आलो," त्यांनी मला बजावलं. "हितं जरा हवा हाय."

एचडीनं काही लपवलं नाही. व्याह्यांचा कलप कानावर उतरलेला दिसला. शेजारच्या मिराबाईंच्या पैठणीला लाँड्रीची चिठ्ठी दिसली. मिराबाई सोडून सगळे हसले. मग कॅमेरा वळला आणि कूलर आला.

उपरण्यातले व्यंकटराव अख्खा पडदा भरून उभे होते. अक्षता टाकायच्या राहून गेलेल्या, मूठ तशीच. त्याच मुठीनं ते डोळे पुसत होते आणि ओल्या गालाला तांदळाचे तीन लाल दाणे चिकटले होते. प्रतिक्षानं रिमोट दाबला. चित्र थांबलं.

जळबानं पलंगावरूनच मान पुढं काढून पडदा न्याहाळला. मग दाराकडं न बघता मोठ्यानं म्हणाला, "काय कामाचं हे एचडी! कोन हाय तेच वळखू येत न्हाई. नवरदेवाकडला कोनी पावना असंल."

भावानं वाट मोकळी करून दिली होती. शहाण्या माणसानं गुपचूप घरी जावं. व्यंकटराव दोन पावलं गेलेही. तिथंच चुळबुळले. आणि गर्रकन वळले.

"पावना? अरे जळब्या, पोरीच्या लग्नात पावना कशाला रडंल? मी हाय तो! गालावरचे तांदूळ दिसून राहिले, अन् भाऊ दिसत न्हाई व्हय तुला?"

जळबानं पलंगावर सरकून जागा केली.

"दिसतो ना, दादा. ये, बस."

व्यंकटराव तरातरा आत घुसले.

"चपला!" जनकाबाई आतून ओरडल्या.

ते मागं फिरले, चपला काढल्या, आणि भावाच्या घरात दुसऱ्यांदा आत आले.