झडप नसलेलं धुराडं

लुआनदादाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान तापते तरी. मी त्याच्या शेजारची मेंग वहिनी. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये मक्याच्या ताटांचं एक कुंपण आहे, तेही कोंबड्यांनी पोखरलेलं. त्यामुळे त्याच्या घरात काय शिजतं, कोण खोकतं, कोण कुणाला शिव्या घालतं, ते सगळं मला घरबसल्या ऐकू येतं. शिव्या घालणारी त्याची म्हातारी आई. ऐकणारा तो एकटा.

एके काळी चीनच्या या ईशान्य कोपऱ्यात, मुलिंग नदीच्या दोन्ही काठांवर कांग बांधावा तर याने. विटांचा खोलीभर ओटा, त्याच्या पोटातून चुलीचा धूर फिरवत फिरवत धुराड्यात काढायचा, आणि वर आम्ही अख्खा हिवाळा झोपायचं, जेवायचं, भांडायचं. धूर आत कसा वळवायचा ही खरी कसोटी. नव्या कांगमध्ये पहिला जाळ घातला की लुआनदादा बाहेर बर्फात जाऊन धुराड्याकडे बघत उभा राहायचा. धूर सरळ वर गेला की म्हणायचा, "झालं. वाढा जेवायला." तेव्हा हसायचा तो. दारू पोटात गेली की भसाड्या आवाजात गायचासुद्धा. त्याची बायको जिंगयुन म्हणायची, "गावाला ऊब वाटत फिरता, आणि घरचा कांग कोण सारवणार? तुमचा बाप?" असा त्यांचा संसार होता.

मग गावात दगडी कोळसा आला. त्याआधी आम्ही ताटं जाळायचो, कणसं जाळायचो, डोंगरातलं लाकूड जाळायचो. त्याचा जाळ लवकर विझतो. विझला की धुराड्याच्या मानेतला लोखंडी पत्रा आत सारायचा, म्हणजे ऊब कोंडून राहते. त्याला आम्ही झडप म्हणतो. माझ्या आईने सारली, तिच्या आईने सारली. कोळशाची गोष्ट निराळी. वरून राख धरली तरी तो आत धुमसत राहतो आणि त्याचा वायू ना दिसत, ना त्याला वास. आज हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा लुआनदादासारख्या एखाद्यालाच ठाऊक होतं. त्याने जिंगयुनला बजावलंही होतं की कोळसा असेल तर झडपेला हात लावायचा नाही. चूल तीच बघायची. आईला वेगळं सांगावं असं त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी जिंगयुनला ताप होता. लुआनदादा नदीपलीकडे कामाला गेला होता. मुलगी यानफिंग तालुक्याच्या शाळेत, तिथेच राहायची. म्हातारीने, आम्ही सगळे तिला आजीच म्हणतो, सुनेला दोन रजया घातल्या, चुलीत कोळसा सारला, तिला थंडी वाजू नये म्हणून झडप लावली आणि माझ्याकडे पत्ते खेळायला आली. जन्मभर लावत आली तशीच लावली. विचार करून लावली असती तर निदान लक्षात तरी राहिलं असतं.

उजेड होता तोवरच आम्ही दोघी परत गेलो. जिंगयुन अंथरुणात, गाल गुलाबी. मला वाटलं, ताप उतरून झोप लागली बाईला. आजी तिला हलवायला लागली, हलवतच राहिली. माझी नजर धुराड्याकडे गेली. झडप आत. मी ती ओढून काढली, तळहात चरचरून भाजला. आजीचं तिकडे लक्षही नव्हतं.

लुआनदादा आला तेव्हा मी त्याला अंगणातच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "वहिनी, हे तुमच्या-माझ्यात राहू दे." मग आत गेला आणि जमलेल्या गावासमोर बोलला, "धुराडं ठेंगणं बांधलं मी. वारा उलटा शिरला. चूक माझी आहे."

झालं! त्या दिवसापासून त्याला कुणी विटेला हात लावू दिला नाही. कोण बोलावणार? ज्याच्या कांगवर त्याचीच बायको गेली, त्याच्याकडून कोण कांग बांधून घेणार? आजीने तर ऊठसूट एकच पाढा लावला, "सोन्यासारखी सून होती माझी, ह्या मुडद्याने मारली." यानफिंग आईच्या मयताला आली, बापाशी एक शब्द बोलली नाही, शाळा संपली तशी दूर दालियानला गेली आणि तिकडेच लग्न केलं. पत्र नाही, फोन नाही. आणि हा? हा तोंडात मूग गिळून बसला. मयताला रडला नाही, नंतरही रडला नाही. एकदा कुऱ्हाडीने त्याचा अंगठा फुटला, तरी हा आपला ताटांच्या पेंढ्या बांधतोय. मी ओरडले, "अहो, रक्त!" तर खाली बघितलं, जणू शेजाऱ्याचा अंगठा आहे. मला त्याची दया यायची आणि संतापही यायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथे संन्यासीच आपण होऊन सुळावर चढलेला.

मध्ये एवढंच केलं त्याने, घरचा कांग पाडून नवा बांधला आणि धुराड्याला झडपेची खाचच ठेवली नाही. पहाटे कांग गार पडतो म्हणून आजीला बोंब मारायला आणखी एक कारण मिळालं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर माझ्या घरी यानफिंगचा फोन आला. नवरा बोटीवर गेलेला, कडेवर तान्हा दोउदोउ, अजून रांगतही नाही, आणि भाड्याच्या खोलीत ऊब नाही. "वसंतापर्यंत येते, मेंग काकू. दुसरीकडे कुठे जाऊ? पण बाबांना सांगा, त्या कांगवर मी माझं पोर निजवणार नाही."

मी जाऊन सांगितलं. लुआनदादा बटाटे सोलत होता. सोलता सोलता म्हणाला, "बंब बसवतो."

आणि बसवला. बाजारातून कोळशाचा लोखंडी बंब आणला, दोन्ही खोल्यांतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या. बंब ठेवला तो मागच्या पडवीत, झोपायच्या खोलीत नाही. नवं धुराडं ओळंबा लावून आढ्याच्या वर हातभर नेलं. मातीत केस कालवून सांधे लिंपले. पाण्याला फुगायला जागा हवी म्हणून माळ्यावर उघडी टाकी ठेवली. जाळाला हवा मिळावी म्हणून भिंतीच्या तळाशी मुठीएवढं भोक पाडलं, आणि काजळी काढायला धुराड्याच्या बुडाशी लहानशी खिडकी ठेवली. बंब पेटवला आणि त्याच्या दाराशी जळता कागद धरून ज्योत आत ओढली जाते का ते बघितलं. मग आठवडाभर हा बाबा पडवीत बंबाला खेटून झोपला. मी विचारलं, हे काय? म्हणे, "काही होतंय का बघतो." म्हणजे मेला असता तर कळलं असतं!

यानफिंग आली. बापाशी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. "जेवलात का", "पाणी तापलंय का", बस्स. पोर त्याच्या हातात कधी दिलं नाही. रोज उठून खिडकी बोटभर उघडायची आणि पोराच्या नाकापाशी हात धरायची. हा एक हिवाळा नीट गेला असता तर पोरगी त्याची झाली असती. नाही गेला तर कायमची गेली. मला हे स्पष्ट दिसत होतं. त्याला दिसत होतं की नाही कोण जाणे, त्याच्या तोंडावर काही उमटेल तर शपथ.

आणि आजी! "गल्लीला ऊब देतो माझा लेक," म्हणून तिने भिंतीच्या भोकात जुन्या कोटाची बाही कोंबली. त्याने काढली. तिने पुन्हा कोंबली. त्याने पुन्हा काढली आणि म्हणाला, "आई, राहू दे." पालथ्या घड्यावर पाणी.

मी त्याला कोळशाच्या खोपटापाशी अडवलं. "लुआनदादा, आता तरी सांगून टाका म्हातारीला. ती पुन्हा करील."

"भोक बुजवलं तर जाळ मंदावतो, वहिनी. धुराडं मोकळं आहे."

"आणि धुराडंच बुजवलं तर?"

"झडप नाहीच. सारणार काय?"

"तुमचं कपाळ सारेल! अहो, तिला कळायला नको का?"

"ऐंशीच्या पुढे गेलीये ती," तो म्हणाला. "आता कळून काय करायचंय?" आणि घमेलं भरून चालता झाला.

नववर्षाच्या आधीची गोष्ट. दोउदोउला सर्दी झाली होती, म्हणून यानफिंगने त्या दिवशी खिडकी उघडली नव्हती. दुपारची आजी माझ्याकडे आली, जोडे झटकून कांगवर चढली, मी पत्ते वाटले. आज स्वारी खुशीत होती. म्हणाली, "पोर कसं नाकाने सूं सूं करतंय बघवत नाही. ह्या मुडद्याने झडप ठेवली नाही, म्हणून काय झालं? मी काय कमी आहे? ती काजळीची खिडकी आहे ना, त्यातून गोणपाट कोंबून आलेय. चांगलं गच्च. आता बघ कशी ऊब राहते."

मी हातातले पत्ते टाकले. जोडे घालायचं भान नाही, तशीच बर्फातून धावले. दार आतून लावलेलं. कोबीच्या रांजणावरचा दगड उचलला आणि खिडकीवर घातला. यानफिंग जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, पोर मांडीत. मला बघून म्हणाली, "काकू, डोकं..." आणि ओकली. पोराचे गाल गुलाबी. जिंगयुनचे होते तसे. पोर खिडकीतून बाहेर काढलं, त्याच्या तोंडावर बर्फ लावला, आणि ते रडलं. आयुष्यात मला कुठल्या पोराचं रडणं इतकं गोड लागलं नाही. माझा आरडाओरडा ऐकून खोपटातून लुआनदादा आला, यानफिंगला उचलून त्याने माझ्या घरी आणलं.

गावचा डॉक्टर प्राणवायूची रबरी उशी घेऊन आला. आजी आंबवलेल्या कोबीच्या पाण्याचा वाडगा घेऊन आली, वायू चढला की आम्ही तेच पाजतो. डॉक्टरने तिला हाकललं. बराच वेळ नळी एकदा पोराच्या नाकाशी, एकदा आईच्या. शेवटी तो म्हणाला, वेळेवर निघाले, आता धोका नाही, उद्या मात्र तालुक्याला नेऊन दाखवा. आणि गेला.

तेवढ्यात आजीने तोंड सोडलं. "झालं ना! पुन्हा ह्याचंच धुराडं! बायको खाल्ली, आता लेक-नातू खायला निघालाय."

यानफिंग पडल्या पडल्या छताकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, उद्या दवाखान्यातून मी तशीच परस्पर जाते. परत नाही यायची."

लुआनदादा दाराशी उभा होता. हातात ते गोणपाट, धुराड्यातून ओढून आणलेलं, काजळीने माखलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणून गप्प बसले. मग तो आईच्या समोर जाऊन बसला.

"आई, हे तू कोंबलंस."

"हो, कोंबलं! उबेसाठी कोंबलं. मग?"

"तेव्हाची झडपही तूच सारली होतीस."

"कधीची?"

"जिंगयुन गेली त्या दिवशीची. चुलीत कोळसा होता. धुराड्यात काही वाईट नव्हतं, आई. चांगलं होतं ते धुराडं."

एवढं सरळ, एवढ्या थंड आवाजात बोलला तो. आजीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ, पण खोटं किती दिवस गिळायचं? तिने आपले हात उलटे केले, सुलटे केले.

"हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तुला झोप लागली नसती."

"आणि तुला?"

त्याने खरंच विचार केला. "मला लागते," म्हणाला. "मला काही होतच नाही, आई. किती तरी वर्षं झाली."

म्हातारी उठली. गुडघे धरून, कण्हत उठली, आणि त्याच्या फाडकन थोबाडीत मारली. ऐंशी वर्षांचा हात, पण आवाज असा निघाला की पोर दचकलं.

"मूर्खा! पोरीची आई माझ्या हातून गेली ती गेली. तू तिचा बाप कशाला काढून घेतलास?"

आणि मग ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, सुनेचं नाव घेऊन. मीही रडले, सांगायला लाज कसली? लुआनदादा गालावर हात ठेवून बसून राहिला. त्याला काय वाटलं ते त्याचं त्याला माहीत.

यानफिंग केव्हा उठून बसली ते मला कळलं नाही. चेहरा पांढराफटक. ती बापाकडे बघत होती, आल्यापासून पहिल्यांदा नीट. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल, नाहीतर गळ्यात पडेल. तिने पोराची टोपी सारखी केली.

"बाबा," ती म्हणाली, "खिडकी फुटलीये. घर गारठलं असेल. काच बसवा, आणि धुराडं साफ करून बंब पेटवा. आम्ही तिकडेच झोपणार आहोत."

तो उठला. कानटोपी शोधली, ती डोक्यावरच होती. दाराशी जाऊन थांबला.

"तासभर लागेल," म्हणाला.

"लागू दे," ती म्हणाली. "पण आधी पोराला घ्या. जरा अंगाशी धरा त्याला, माझे हात अजून थरथरतायत."