वीतभर जास्तीचं कापड

तंजावूरला बदलीवर असताना राजवाड्यामागच्या गल्लीतले एक म्हातारे शिंपी मला रोज दिसत. एकदा मी माझा हॅमॉक, म्हणजे डोंगरात दोन झाडांना बांधून झोपायची कापडी झोळी, त्यांच्याकडे नेला. पाठीवरचं ओझं कमी करायचं मला भारी वेड. म्हटलं, दोन्ही कडांनी वीतभर कापून द्या.

त्यांनी कात्रीला हातच लावला नाही. कापड तळहातांवर घेऊन डोळे मिटून तोललं आणि तमिळ हेल काढत मराठीत म्हणाले, "नको सार. अरुंद झोळीत पाठ वाकते. रुंद असली तर तिरपं निजता येतं. लेकरं तशीच निजतात."

त्यांच्या शिलाई मशीनच्या वर, आढ्याच्या कडीला जुन्या सुती साडीची झोळी बांधलेली होती. तिच्यात निजणारी नात आईबापांबरोबर सिंगापूरला गेली, असं त्यांनीच सांगितलं. गाठ मात्र त्यांनी सोडली नव्हती. बोलता बोलता त्यांचा हात वर जाई आणि रिकाम्या झोळीला झोका देई.

"हलकी पाहिजे ना तुम्हांला?" ते म्हणाले. "ही धरून बघा."

मी धरली. तिला काहीच वजन नव्हतं. माझं कापड मी तसंच घडी घालून परत आणलं.