आत तिघं, बाहेर मी

लेक गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायका माझा हात हातात घेऊन एकच सांगायच्या, "घरच्यांनी तुला लय जपलं बाई. शेवटपतूर काय कळू दिलं न्हाय." मी ऐकून घ्यायचे. एकीला मात्र म्हणाले, "जपलं? माझ्याच घरात मला वाळीत टाकलं होतं!" ती पदर सावरत उठली. उठू दे. आता मला कुणाचं वाईट वाटत नाही.

पोरीच्या पोटात गाठ निघाली तेव्हा ती पाचवीत होती. पुण्याला ऑपरेशन झालं, औषधं झाली, डोक्यावरचे केस गेले आणि पुन्हा आले. मग पोट परत दुखायला लागलं म्हणून बारामतीच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांच्या दारातली मुलगी म्हणाली, पेशंटबरोबर दोघंच आत. आमचे मालक निघाले. दुसरी मी, हे मी धरूनच चालले होते, एक पाय उंबऱ्यात टाकलाही होता. तेवढ्यात दीर म्हणाले, "वयनी, तुमी बसा. फाईल मला वाचता येती." बघा आता! पोरगी माझी, आणि आत जायला फाईल वाचता यायला पाहिजे. पण तेव्हा मी उंबऱ्यातला पाय मागं घेतला. पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत बाकावर तिच्यासाठी संत्रं सोलत राहिले.

आतली मंडळी बाहेर आली तेव्हा मालक रुमालानं तोंड पुसत होते. म्हणाले, "आता घरीच औषधं चालू ठेवायची. ताकद भरून आली की झालं." पोरीनं माझ्या हातातल्या फोडी घेतल्या आणि माझ्याकडं न बघता खाल्ल्या. मला वाटलं, सुईला भ्याली असेल.

डाळजला घरी आलो आणि मी कंबर कसली. ताकद भरून आणायची ना? मग आणतेच! बाहेरचं खाणं बंद, बर्फाचा गोळा बंद, तळकट बंद. सकाळ-संध्याकाळ अंगणात चालायचं, कुरकुर केली तरी चालायचं. सहावीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून रोज इंग्लिशची वही काढून बसवायचे, आणि चुकली की असा आवाज चढवायचे की हायवेवरच्या ट्रकवाल्याला ऐकू जावा. तिला भिगवणची तळलेली चिलापी म्हणजे जीव की प्राण. धरणाचं पाणी जवळ, मासा आमच्याकडं कधीही मिळतो. पण मी म्हणायचे, "बरी झालीस की खा, पायजे तेवढी."

आणि बाकीचे माझ्या पाठीमागं ती मागेल ते तिला देत होते. एकदा मालकांनी कागदात बांधून चिलापी आणली आणि गोठ्यामागं बापलेक बसून खात होती. वासानं मला कळलं. मी तिथं जाऊन नाही नाही ते बोलले. "तुमी बाप हायसा का वैरी?" इथवर गेले. एरवी एकाला दोन सुनावणारा माणूस, खाली मान घालून काटे गोळा करत राहिला. मला वाटलं, चूक कळली असेल.

बारामतीहून एक सिस्टर गाडीनं यायच्या. ताकदीचं औषध द्यायला येतात, असं मला सांगितलेलं. त्यांच्या गोळीनं पोरीचं दुखणं खरंच थांबायचं, त्यामुळं मलाही ते पटायचं. त्या आल्या की घरातलं कुणी ना कुणी त्यांच्याजवळ असायचंच, मला चहा करायला आत पाठवायचे. एका खेपेला त्या रजेवर होत्या, म्हणून नवीन सिस्टर आल्या. त्या दिवशी बागेत पेरूची तोडणी चालू होती, टेम्पो येऊन उभा होता. सासूबाईंसकट सगळी तिकडं, घरात मी एकटी आणि झोपलेली पोर.

सिस्टरनी पोरीला तपासलं, ओट्यावर येऊन बसल्या, चहाचा कप हातात घेतला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "ताई, शेवटी श्वासाचा आवाज बदलेल. घाबरून दवाखान्यात पळवू नका. घरीच ठेवायचं ठरवलंय ना तुम्ही? मला फोन करा, मी येते."

"कशाच्या शेवटी?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "ताई, तुम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही?"

मग त्यांनीच सांगितलं. गाठ परत आली होती, पसरली होती. बरं करायचं औषध आता नव्हतं. दुखू न देण्याचं होतं, ते चालू होतं. सांगताना त्यांनी माझा हात सोडला नाही. त्या घरात माझ्याशी खरं बोललेली ती पहिली बाई, आणि तीसुद्धा चुकून.

सिस्टरना पोरीजवळ बसवून मी अनवाणी बागेत गेले. मालक क्रेट भरत होते. मजूर बायकांसमोर मी तो क्रेट उलटा केला. "कवापासनं ठाव हाय तुमाला?" पेरू सगळीकडं पसरले. सासूबाई मध्ये पडल्या, "आगं, तू हाय खाल्ली असतीस. मग पोरीकडं कुणी बगितलं असतं?" म्हणजे मी आई नव्हते, पोरीकडं बघायला ठेवलेली बाई होते! "तुमी समद्यांनी रोज थोडा थोडा तिचा निरोप घेतला," मी ओरडले, "आन मला इंग्लिश घ्यायला बसवलं!" मालक खाली बसले. मातीतला एक पेरू उचलून पुसत म्हणाले, "तिनंच सांगितलं. डॉक्टर बोलत हुते तवा ती पडद्यामागं टेबलावर हुती. समदं ऐकलं तिनं. म्हणली, मम्मीला सांगू नका."

दाराच्या आत तिघं होती. मी दोघांनाच धरत होते.

संध्याकाळी तिच्याजवळ बसले. "तुला ठाव हाय व्हय?" तिनं मान हलवली. "मग मला का न्हाय सांगितलंस?"

"आज्जी माझं तोंड बगितलं की रडती," ती म्हणाली. "पप्पा काय बी मागितलं की आणत्यात. तू एकटीच वरडतीस. तू वरडलीस की मला वाटतं, खरंच माझी सहावीची परीक्षा व्हणार हाय."

तुम्हाला वाटेल, मी तिला पोटाशी धरलं असेल. धरलं, पण नंतर. आधी मला तिचा राग आला. जीव जायला लागलेल्या लेकराचा राग येतो का कुणाला? मला आला. घरादारानं फसवलं ते एक वेळ गिळलं असतं. पण जिच्यासाठी मी जगाशी वाईटपणा घेत होते, तिनंच मला अंधारात ठेवलं, आणि तेही स्वतःच्या सोयीसाठी. रात्रभर मी तिच्याकडं पाठ करून पडले होते. आता त्या एका रात्रीसाठी काहीही देईन, पण तेव्हा पडले होते खरी.

सकाळी उठले, वेणी घातली, तिच्यापुढं इंग्लिशची वही टाकली. तिला हवं होतं ना, मग करू, म्हटलं. पहिलाच शब्द तिनं चुकवला. मी आवाज चढवला, "कितीदा सांगायचं गं तुला?"

तिनं पेन खाली ठेवलं. "आसं न्हाय मम्मी. पयल्यासारखं वरड."

मी परत ओरडले. आवाज मोठा निघाला, पण मलाच कळलं, त्यात काही नव्हतं. तिलाही कळलं. तिसऱ्यांदा ओरडायच्या जागी मी तिला तो शब्द हळूच सांगून टाकला.

तिनं वही मिटली आणि उशाला सारली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "मग चिलापी कर."

मी भिगवणला माणूस पाठवला, मासा आणवला, मसाला लावून तळला, काटे काढून तिच्यापुढं ताट ठेवलं. तिनं एक घास खाल्ला. मग आज्जीला, पप्पांना, सगळ्यांना त्यांचं मन राखायला म्हणायची, तसंच हसून मला म्हणाली, "चांगला झालाय."