तांदळाच्या डब्यातली फरशी

देवाजीचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. वांकिडीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि तो प्रयोगशाळेचा शिपाई होता. कामाला चोख, पण प्रश्न विचारून डोकं खायचा.

चौऱ्याऐंशी साली आम्ही दोघांनी एक उद्योग केला. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर वितळवली, तिच्यात चिमूटभर रंग मिसळला आणि फरशीच्या तुकड्यावर ओतून काचेसारखा थर केला. खिडक्या लावून मॅग्नेशियमची फीत पेटवली. फीत विझली, तरी फरशी हिरवट उजळत राहिली.

देवाजीची बायको मनकर्णा त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिला मी थरावर पंजा ठेवायला सांगितलं आणि दुसरी फीत पेटवली. तिनं पंजा उचलला, तर हिरव्या उजेडात तिच्या हाताची काळी सावली! विळ्यानं अर्धी तुटलेली करंगळीसुद्धा. दहाबारा सेकंदांत सगळं मावळलं. मनकर्णा हसत सुटली. ओल लागली की फरशी चमकत नाही, म्हणून मी देवाजीला ती अंधारातच काळ्या कापडात गुंडाळून कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवायला लावली.

महिन्याभरात मनकर्णा तापानं गेली.

त्यानंतर देवाजी डब्याला कुणाला हात लावू देईना. "तिचा हात हाय त्यात, सर."

"अरे, तो उजेड तेव्हाच विझला. तू पाहिलंस ना?"

"पाह्यलं. पण कापडात गुंडाळल्यावर तुमी पाह्यलं काय?"

मधल्या सुट्टीत तो डबा ठेवलेल्या कपाटापाशी बसून हळू आवाजात बोलायचा. खोटं कशाला सांगू, त्या कपाटाकडे पाठ करून बसणं मलाही जड जाऊ लागलं.

पुढच्या वर्षी आदिलाबादहून शिक्षणखात्याचे साहेब शाळेच्या पाहणीला आले. मला मिरवायची हौस. मी डबा उघडला. देवाजी दारात उभा होता. "नका, सर," एवढंच म्हणाला. मी भर उजेडात कापड सोडलं, त्याला आत घेऊन दार-खिडक्या लावल्या, फीत पेटवली.

फरशी या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवी उजळली. कुठंही डाग नाही. साहेबांनी तेलुगूत "बागुंदी, बागुंदी", छान छान, म्हणत टाळ्या वाजवल्या. मला मात्र स्वतःची लाज वाटली.

उजेड पुरता विझेपर्यंत देवाजी पाहत राहिला. मग त्या अंधारात त्याचा आवाज अगदी माझ्या कानाशी आला.

"तिनं हात उचलला, सर. आता कुठं ठेवला असन?"