आमच्या सरांनी आखलेली मतदानाची वाट

या जगात कोणी माणूस चुकत नाही, चुकते ती वाट दाखवणाऱ्याची अक्कल, असे छातीवर हात ठेवून सांगणारा एकच गृहस्थ मी पाहिला आहे. ते म्हणजे आमचे शाळेतले चित्रकलेचे सर. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजच्या पहिल्या दिवशी चंद्रपूरच्या त्या मोठ्या इमारतीत मी भलत्याच वर्गात शिरलो आणि सगळे हसले, हे मी रडवेला होऊन सरांना सांगितले. सर म्हणाले, "तू नाई चुकला बावा. त्याहिनं पाटी जिन्यामागं लावली, त्याले तू काय करशीन?" त्या एका वाक्यावर मी पुढची तीन वर्षे काढली.

सरांना कुठेही न्या, ते आधी तिथे नवखा माणूस कुठे अडखळेल ते शोधणार. लग्नाला गेले की अक्षता टाकण्याआधी जेवणाच्या मांडवात शिरत. पाण्याचा ड्रम ताटांच्या शेजारी असला की त्यांचा जीव कासावीस होई. एकदा त्यांनी नवरदेवाच्या दोन मामांना हाताशी धरून भरलेला ड्रम पंगतीच्या टोकाला सरकवला. मुलीचे वडील धावत आले, "मास्तर, काही कमी पडलं का हो?" सर म्हणाले, "कमी नाई, गर्दी जास्त झाली. आता पाहा." आणि खरोखरच गर्दी फुटली. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत त्यांचा पुतण्या राहतो. तिथली सगळी क्वार्टर एकसारखी. सर भलत्याच घरात शिरून, चहा पिऊन, "सून कुठी गेली?" असे विचारून बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुतण्याच्या दारावर हातभर लांबीचा पोपट रंगवला. पुतण्याला साहेबाची बोलणी बसली, पण आठवडाभरात शेजारणी येऊन विचारू लागल्या, "काकाजी, आमच्या दारावर मोर काढून देता का?"

पण सरांचा खरा जीव मतदानात. इतर शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागली की त्यांची कंबर धरते. सरांना मात्र घरचे कार्य निघाल्यासारखे वाटे. जोड्याच्या खोक्याचे त्यांनी एक खोटे मतदान यंत्र बनवले होते. त्यावर वांगे, भेंडी, टमाटर, फणस अशी चित्रे आणि प्रत्येकासमोर कोटाचे निळे बटण. ते घेऊन आठवडी बाजारात बसत आणि कोणी बटण दाबले की स्वतःच्या तोंडाने "पीईईप" असा लांब आवाज काढत. एका म्हातारीने विचारले, "वांग्याले देलं त वांगे सस्ते होतीन का जी?" सर गंभीरपणे म्हणाले, "ते वांग्यालेच विचारा, माय. मी फक्त बटण दाखवून राह्यलो."

या वेडाला मी हसत असे. माझ्या आईची गोष्ट त्यांना सांगितली त्या दिवसापासून हसणे बंद झाले. आमचे गाव वैनगंगेच्या काठावर. आई नदीवर मासे धरते, धानाच्या रोवणीला जाते. मागे एका निवडणुकीत तिने बोटाला शाई लावून घेतली, यंत्रासमोर उभी राहिली, आणि दिवा दाबायचा, चित्र दाबायचे की बटण, हेच तिला कळेना. दारातून कोणीतरी ओरडले, "झोपली का व बुढी?" आई तशीच बाहेर आली. बोटाला शाई, पण मत नाही. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी ती पहाटेच जाळे घेऊन डोहावर निघून जाई. सरांनी हातातले खोके खाली ठेवले. मग म्हणाले, "मागचा माणूस पाठीवर श्वास सोडत असला का बोट कसं उचलणार? तिची नाई चूक."

पुढे सरांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली, आणि नेमकी एका लोकसभेला केंद्राध्यक्ष म्हणून त्यांना आमच्याच गावाची शाळा मिळाली. आदल्या संध्याकाळी त्यांनी शाळेसमोर खोके मांडले. आई दूर उभी राहून पाहत होती. शेवटी जवळ येऊन तिने भेंडीचे बटण दाबले, सर पीईईप ओरडले आणि ती पदराआड हसली. घरी आल्यावर म्हणाली, "उद्या जावंच लागन. पोराचा मास्तर आला, नाई गेली त बरं दिसत नाई." लोकशाहीचे काम माझ्या आईने पाहुणचारात बसवले.

सकाळी मात्र घोटाळा झाला. रात्री सरांनी फाटकापासून पुढच्या दारापर्यंत चुन्याची सुबक पावले काढून ठेवली होती. त्यांवर पाय देत चालले की कोणी चुकणार नाही, असा बेत. बायका फाटकातच थांबल्या. रांग वाढत गेली, पण पुढे कोणी सरकेना. दोघींनी चपला काढून नमस्कार केला. एका आजोबांनी फूल वाहिले. पुढे उभी असलेली माझी आई मागे वळली, "राहू दे बाबू, मी जाते नदीवर." आता परत गेली तर ती पुन्हा कधी येणार नव्हती.

सर बाहेर धावत आले. "काऊन थांबल्या बाई?"

"लक्ष्मीची पावलं हायेत, मास्तर. त्याच्यावर पाय कसा देऊ?"

सरांनी कपाळावर हात मारला आणि पोछा मागवला. बायका एकदम कलकलल्या, "पुसता का जी? सणासारखी पावलं पुसता?" सर पोछा हातात घेऊन फाटकात उभे. पावलांवर चालता येईना, पावले पुसता येईनात. असा फजीत झालेला मास्तर मी पाहिला नव्हता. पण ते चिडले नाहीत. आईकडे वळून म्हणाले, "मंग तुमीच सांगा बाई. जंगलात दोन वाटा फुटल्या, त मागून येणाऱ्याले कसं सांगता?"

"सांगाचं काय त्याच्यात? जी वाट नोहे, तिच्यावर फांदी आडवी टाकतो."

सरांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांनाच कोणी मत दिले. पळसाची फांदी आणली, पावलांसमोर आडवी टाकली, आणि बाजूचे दार उघडले. बाहेर पडायला मागचे दार. थांबलेल्यांसाठी दूर कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. एकीने मत दिल्याशिवाय दुसरीने उठायचे नाही. कोणाला काही सांगावे लागले नाही. फांदी पाहून सगळे आपसूक वळले.

आई आत गेली. मी सतरंजीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने यंत्राचा लांब आवाज ऐकू आला, आणि मागच्या दाराने आई बाहेर आली. सर आत कामात होते, त्यांना मान वर करायलाही फुरसत नव्हती.

वाटेत मी विचारले, "कसं वाटलं व?"

"आडोशामंधी कोणीच नव्हतं रे," ती म्हणाली. "मी अन ते मशीन. मागं कोणी नाई, हात धरून सांगणारं नाई. इतकं निवांत मले कोणी कधी एकटं सोडलं नाई."

"कोणाले देलं मंग?"

"तुले काऊन सांगू?"

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. आता ते पुतण्याकडे राहतात, पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, निवडणुका आल्या की नुसते पेपर वाचतात. आई मात्र त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीला स्वतःहून गेली. कोणाला मत देते, ते तिने बाबांना सांगितलेले नाही, मलाही नाही. बाबा कधी कधी जेवताना खोदून विचारतात. ती ताटात आणखी भात वाढते आणि गालात हसते. ते हसू पाहिले की मला सरांना फोन करावासा वाटतो. करतो, पण सांगता काहीच येत नाही. तब्येत कशी आहे, एवढेच विचारतो.