कुंभीची साल आणि मेलेल्या रोहू

मोठ्या बाबांनी ओलं पोतं माझ्या टेबलावर आपटलं, तेव्हा त्यातलं गढूळ पाणी काचपट्ट्यांच्या पेटीवर सांडलं. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. किरनापूरकडच्या आमच्या गावात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तसंच व्हावं, असं त्यांना वाटत असावं. चपला बाहेर काढा म्हणणाऱ्या शिपायाला त्यांनी दारातच झापलं होतं.

पोत्यात रोहू होत्या, तोंडं उघडी पडलेल्या. गावच्या तळ्याचा ठेका मोठ्या बाबांकडे होता, आणि त्या सकाळी सगळ्या तळ्यावर माशांची पांढरी पोटं तरंगत होती.

"कुंभीची साल टाकली त्यानं," मोठे बाबा म्हणाले. "तू त्याच सालीवर शिकून राह्यली ना? मंग लिहून दे, का हे मासे सालीनंच मेले. कॉलेजचा शिक्का मार. बाकीचं मी पाह्यतो."

'तो' कोण, हे मला विचारावं लागलं नाही. जंगलाकडच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, एक माणूस बायकोसोबत राहायचा. उन्हाळ्यात नाल्याच्या डोहात कुंभीच्या झाडाची साल ठेचून टाकायची आणि मासे गुंगून वर आले की टोपलीत भरायचे, हे त्याच्या घरात आजा-पणजापासून चालत आलेलं. माझं संशोधन त्याच सालीवर होतं. तिच्यात फेसाळणारा एक पदार्थ असतो. तो माशाच्या कल्ल्यांचं आणि रक्ताचं नेमकं काय करतो, ते मी पाहत होते. साल मी त्या माणसाकडूनच आणायचे.

"मोठे बाबा, भर पावसाळ्यात तळं तुडुंब आहे. एवढ्या पाण्यातले मासे गुंगवाले गाडीभर साल लागंल. एकटा माणूस कुठून आणंल?"

"तू मले नको शिकवू."

"मग मी तपासून पाहते. तपासल्याशिवाय काही लिहून देणार नाही."

"घरच्या मानसाचा शब्द तुले पुरत नाई?"

"नाही."

हा 'नाही' माझ्या तोंडून इतक्या लवकर गेला की शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून पाहायला लागली. मला बरं वाटलं. "पोरीले बालाघाटले ठेवून मासेच कापाले शिकवता का?" असं हेच मोठे बाबा माझ्या बाबांना चारचौघांत विचारायचे. आता त्याच मासे कापण्याचा शिक्का त्यांना हवा होता.

जाताना दारातून त्यांनी सांगितलं, त्या माणसाचं जाळं आणि सायकल उचलून आपल्या अंगणात आणून टाकली आहे. "अन् दोन थापडाही देल्या. रविवारी पारावर गाव बसवून राह्यलो. तवापर्यंत कागद पाह्यजे."

ते गेल्यावर मी मासे बर्फावर ठेवले.

साल आणि शेतातलं फवारणीचं औषध, दोन्हींनी मासा मरतो, पण मरण्याची रीत वेगळी असते. सालीचा मार कल्ल्यांवर बसतो. कल्ल्याच्या पाकळीवरचा पातळ पापुद्रा सुजून सुटतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फवारणीचं औषध मेंदू आणि नसांवर जातं. मेंदूत एक द्रव्य असतं, एका नसेचा निरोप दुसरीला पोचला की तो निरोप पुसून टाकणारं. बरीचशी कीटकनाशकं ते द्रव्यच बंद पाडतात. मग निरोप पुसला जात नाही आणि मासा आकडी येऊन मरतो. हे तपासता येतं. मेंदू बर्फात वाटायचा, त्यात दोन रसायनं घालायची. ते द्रव्य जिवंत असेल तर नळीतलं पाणी पाहता पाहता पिवळं होतं. नसेल तर फिकटच राहतं.

मोठ्या बाबांच्या माशांशी ताडून पाहायला मी आमच्या टाकीतले मासे घेतले. एक सालीच्या पाण्यात मेलेला, एक धानावर मारायच्या औषधानं मेलेला आणि एक धडधाकट. धडधाकट मासाही मारून तेवढाच वेळ पाण्यात पडू दिला, नाहीतर उद्या कोणी म्हणालं असतं की मासा सडला म्हणून रंग आला नाही.

माझे गाईड सर मागे येऊन उभे राहिले. हे काय चाललंय, विचारलं. मी सांगितलं. त्यांचं तोंड आंबट झालं.

"गांव के झगड़े में लैब को मत घसीटो," ते म्हणाले. "कल कोई नेता आ गया तो जवाब कौन देगा? तुम?"

"जी सर, मैं दूँगी."

त्यांनी हात झटकला आणि निघून गेले. पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. सही लागली की कागद टेबलावर ठेवा म्हणायचे, बसा म्हणायचे नाहीत.

धडधाकट माशाची नळी पिवळी झाली. सालीनं मेलेल्याचीही झाली. औषधानं मेलेल्याची फिकट राहिली. मोठ्या बाबांच्या रोहूंच्या नळ्यांकडे मी डोळे ताणून पाहत बसले. एकीतही पिवळा रंग चढला नाही. कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पापुद्रे जागच्या जागी होते. पुन्हा पोत्यातले दुसरे मासे घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. तेच निघालं.

मी बाबांना फोन लावला.

"आपल्या धानावर फवारा मारला का एवढ्यात?"

"हौ. तुडतुडे आलते. दादानं मारला."

"आणि बांधीतलं पाणी?"

बांधी म्हणजे धानाचं खाचर; तुडतुडे पडले की त्याच्या कडेचा धुरा फोडून पाणी सोडून देतात, हे मला माहीत होतं.

"दुसऱ्या दिवशी धुरा फोडून देल्ला. पानी तळ्यात गेलं."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं! त्या माणसाला मारलं तेव्हा तुम्ही तिथंच होते ना?"

"दादापुढं काय बोलू मी?"

मी फोन ठेवून दिला. मोठ्या बाबांपेक्षा त्या वेळी मला माझ्या बाबांचाच जास्त राग आला.

रविवारी मी गावात गेले. पारावर माणसं बसली होती. तो माणूस कडेला उकिडवा बसला होता, त्याची बायको त्याच्या मागे उभी. मोठ्या बाबांनी हात पुढे केला.

"आण कागद."

"कागद नाही. तोंडानं सांगते," मी म्हणाले. "मासे सालीनं मेले नाहीत. फवाऱ्याच्या औषधानं मेले."

आधी कोणाला कळलंच नाही. मग कोणीतरी हसलं. मी नळ्यांचं, पिवळ्या रंगाचं सांगितलं, तेव्हा मोठे बाबा उठून उभे राहिले.

"रंग पाहून चोर सुटते का? खाल्ल्या घराचे वासे मोजून राह्यली तू! कोनाच्या जिवावर शिकली?"

"बाबांच्या," मी म्हणाले. "तुमच्या नाही. आणि औषध कोणाच्या शेतातलं, हे नळी सांगत नाही. ते माणसानंच सांगायला पाहिजे." मी बाबांकडे पाहिलं. सगळ्यांसमोर पाहिलं, मुद्दाम.

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं. मला वाटलं, उठून जातील.

"पानी आमच्याच बांधीचं गेलं," ते म्हणाले. "दादानं धुरा फोडला. मी संगच होतो."

मोठे बाबा त्यांच्या अंगावर धावले. लोकांनी धरलं. "घरभेद्या!" असं ते ओरडत राहिले, आधी बाबांना, मग मला, मग जो समोर येईल त्याला. न्यायनिवाडा काहीच झाला नाही. माणसं धोतरं झटकत उठली. त्या माणसाला मारलं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ठेकेदाराचंच नुकसान झालं बिचाऱ्याचं, असं एक जण जाता जाता म्हणालासुद्धा.

बाबांनी आणि मी अंगणातून जाळं आणि सायकल काढली. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, ओट्यावरून शिव्या देत होती. बाबांनी सायकल धरली, मी जाळं खांद्यावर घेतलं, आणि आम्ही टोल्यावर गेलो.

तो माणूस घरातून बाहेर आला नाही. त्याची बायको आली. तिनं जाळं उलगडून पाहिलं, फाटलेल्या जागेत बोटं घातली.

"ऐकलं ना तुम्ही, मी सगळ्यांसमोर सांगितलं," मी म्हणाले. "तुमचा काही दोष नव्हता."

"आमाले माईत होतं ते," ती म्हणाली. "तुमच्या नळीले कळाच्या आधीपासून. ते पिवळं पानी झालं असतं, तं?"

माझ्याकडे उत्तर होतं. झालं असतं तर पुन्हा तपासलं असतं, कल्ले पाहिले असते, असं सगळं. त्यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"माह्या घरी चहा पेऊन साल नेत होती तू. त्याच सालीसाठी माह्या मानसाले मारलं. आता इकडं येऊ नको."

बाबांनी हात जोडले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सायकल भिंतीला टेकवून आम्ही निघालो. माझा राग अजून गेला नव्हता, आणि त्यांनाही ते कळत होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मोठ्या बाबांनी घराच्या मधोमध भिंत घातली. विहीर त्यांच्या बाजूला गेली. आई आता दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणते आणि याचं खापर माझ्यावर फोडते. "सत्य सांगाचंच होतं तं परक्याचं सांगाचं," असं ती मला म्हणते. मोठ्या बाबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्या गावात गेली, आमच्याकडे आली नाही. तळ्याचा ठेका अजून त्यांच्याकडेच आहे.

साल मी आता परसवाड्याकडच्या जंगलातून आणते. झाड ओळखायला मला वेळ लागतो. कल्ल्यांचं काम पूर्ण झालं, मौखिक परीक्षाही झाली. गाईड सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. चहाच्या वेळी ते जवळ आले आणि तळ्याच्या माशांचं ते प्रकरण कुठं छापू नकोस, म्हणाले. मी हातातला कप त्यांच्यासमोरच्या बशीत ठेवला आणि बाहेर पडले. ते प्रकरण मी छापायला पाठवलं आहे.