परगावचे कागद

विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी मी वीसेक शाळांच्या पालक संघांची सगळी कागदपत्रं कॉम्प्युटरसकट जप्त केली. आधार काय, तर एक निनावी फोन आणि माझी अक्कल. सोलापुरातल्या नोकरीत जप्त्या पुष्कळ केल्या, पण ही एक अजून मनातून जात नाही.

खबर अशी होती, की साखर पेठेतल्या एका खोलीत वीस न्यासांचा कारभार चालतो आणि सगळ्यांच्या कागदांवर मोबाईल नंबर एकच. बनावट संस्था, फिरवलेला पैसा! सत्काराचा नारळ मी मनातल्या मनात घेऊनही टाकला.

दोन पंच आणि हवालदार घेऊन छापा घातला. आत पन्नाशीच्या एक कर सल्लागार बाई. घरची भाषा तेलुगू, पण रागावल्या की मराठी फार शुद्ध. शाळांच्या पालक संघांची विवरणपत्रं भरणं, धर्मादाय कार्यालयाच्या नोटिसांना उत्तरं देणं, हे सगळं आपण फुकट करतो, असं त्यांनी सांगितलं. फुकट म्हटलं की पोलिसाचा संशय दुप्पट होतो. मी पंचनामा केला आणि दिमाखात सही ठोकली.

करकंबच्या पालक संघाच्या अध्यक्षबाई तिथंच सहीसाठी आल्या होत्या. दोघींनाही ठाण्यात आणलं आणि अध्यक्षबाईंना संघाच्या जमाखर्चाबद्दल विचारलं.

“आमचं मला इचारू नका साहेब, मी करमाळ्याचं सांगते,” त्या म्हणाल्या.

आणि सांगितलं की! तिथल्या शाळेची पाण्याची टाकी, तिच्या देणग्या, नळजोडणीचं बिल, सगळं तोंडपाठ. करमाळ्याला कधी गेला होता, विचारलं तर एकदाही नाही. मी हवालदाराकडे बघून डोळा मिचकावला. पढवलेला जबाब, दुसरं काय.

सल्लागारबाईंनी शांतपणे समजावलं. गावातल्या गावात हिशेब विचारायचा कुणी? खजिनदार कुणाची जाऊ, तपासणारी कुणाची नणंद. विचारलं की बोलणं बंद. म्हणून एका गावचे कागद दुसऱ्या गावाने तपासायचे आणि एक प्रत त्या दुसऱ्या गावाकडेच ठेवायची. करमाळ्याचं करकंबकडे, करकंबचं श्रीपूरकडे, श्रीपूरचं करमाळ्याकडे. परक्याला विचारायला संकोच नसतो.

मी स्टेशन डायरीत ‘टाळाटाळीची उत्तरे’ असं लिहिलं.

संध्याकाळी करकंबच्या बाई एवढंच म्हणाल्या, “उद्या तारीख गेली तर पोरींची गाडी गेली बघा.” वस्तीवरच्या मुलींना शाळेत न्यायला गाडी घ्यायची होती, त्यासाठी वर्षभर देणग्या जमवल्या होत्या. मुदत हुकली की करमाफी जाणार, देणग्यांवर कर बसणार आणि मुली घरी बसणार. तेव्हा कुठे मी फायली उघडल्या. सगळं स्वच्छ होतं. जप्त मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाशिवाय सोडता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाला सुट्टी. माझ्याच सहीने मी बांधला गेलो होतो.

सल्लागारबाईंनी माझ्याच टेबलावरून एक फोन केला आणि निरोप पुढे पाठवायला सांगितला: ज्याच्याकडे ज्याचे कागद, त्याने ते घेऊन ठाण्यात यावं.

सकाळी सल्लागारबाई आपल्या भावाचा लॅपटॉप घेऊन आवारातल्या कडुनिंबाखाली बसल्या. एस्टीने माणसं येऊ लागली. पहिला आला श्रीपूरचा एक क्रेनचालक, साखर कारखान्याच्या गणवेशातच, काखेत टॉवेलात गुंडाळलेली करकंबची फाइल. मी विचारलं, तुमच्या श्रीपूरच्या शाळेचे कागद कुठे आहेत?

“करमाळ्याचं माणूस आणतंय की.”

“ओळखता त्यांना?”

“तोंड न्हाय बघितलं अजून. पर आणतंय.”

एवढं बोलून तो मांडी घालून बसला आणि करकंबचे आकडे वाचून दाखवू लागला. स्वतःच्या शाळेची चौकशी नाही, रस्त्याकडे बघणं नाही. रस्त्याकडे बघत होतो मी.

तासाभराने करमाळ्याचं एक दुकानदार जोडपं फाटकातून आत आलं आणि विचारू लागलं, “श्रीपूरवालं कोन हाय हितं?”

पैशापायी सख्खे भाऊ एकमेकांवर फिर्याद देताना मी उभ्या नोकरीत पाहिले. आणि इथं एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं परगावच्या मुलांचे कागद पोटच्या पोरासारखे सांभाळत आली होती. मी खुर्चीवरून कधी उठून उभा राहिलो, कळलं नाही. दुपारपर्यंत सगळी विवरणपत्रं गेली. करकंबच्या बाईंनी पोचपावती पडद्यावर दोनदा वाचली आणि पदर डोळ्यांना लावला. मी चहा सांगितला. तेवढंच हातात होतं.

या प्रकरणाने मला शिकवलं, की एकमेकांना तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे. त्यांचा भरवसा त्या तपासण्यातूनच उभा राहिला होता. मी मात्र जन्मभर माणसं तपासली ती पकडण्यासाठी.

निवृत्तीनंतर नात शाळेत जायला लागली, तेव्हा मोठ्या उमेदीने त्याच सल्लागारबाईंकडे गेलो. म्हटलं, नातीच्या शाळेच्या पालक संघासाठी काहीही काम सांगा, कागद तपासतो, सह्या करतो. त्यांनी चष्म्यावरून मला पाहून घेतलं.

“कागदाला हात लावायचा नाही. सभेच्या दिवशी या आणि खुर्च्या मांडा.”